पिंपळगावच्या एका पीसीवर रेडिस : दहा महिन्यांनंतर

काउंटरखाली ठेवलेला एक जुना पीसी, ४ जीबी रॅम, उबंटू. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पायथनचे चार वर्कर, म्हणजे पानांच्या मागण्यांना उत्तर देणाऱ्या चार वेगळ्या प्रोसेस. एवढ्यावर पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचा हिशोब चालतो. लिलावात लागलेला भाव, काट्यावरचं वजन, हमाली-तोलाई, उचल आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. अ‍ॅप माझं. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, म्हणजे काही अडलं की हायवेने पिंपळगाव गाठायचं.

गेल्या दिवाळीनंतर लाल कांद्याची आवक वाढली आणि पट्टीचं पान उघडायला चार-चार सेकंद लागायला लागले. ट्रॅक्टर रिकामा करून शेतकरी काउंटरवर उभा आणि दिवाणजी स्क्रीनकडे बघत बसलेले. मी आधी साधी युक्ती केली. पायथनच्या डिक्शनरीतच, म्हणजे नाव दिलं की त्याखालची नोंद देणाऱ्या मेमरीतल्या यादीत, भाव आणि बेरजा धरून ठेवल्या. वेग आला, पण वर्कर चार म्हणजे डिक्शनऱ्याही चार. भाव दाखवणाऱ्या टीव्हीवर उन्हाळ कांदा १८५० आणि दिवाणजींच्या फोनवर १८००. पान रिफ्रेश केलं की आकडा बदलायचा, कारण प्रत्येक वेळी उत्तर देणारा वर्कर वेगळा. शेतकऱ्यासमोर असं झालं तर काय ऐकावं लागतं ते लिहीत नाही.

म्हणून रेडिस, मेमरीत डेटा धरून ठेवणारा आणि सगळ्या वर्करना मिळून वापरता येणारा सर्व्हर. २००९ साली साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने ते पहिल्यांदा बाहेर आणलं. नावाचा अर्थच रिमोट डिक्शनरी सर्व्हर. माझ्या बाबतीत रिमोट काहीच नव्हतं, डिक्शनरी मात्र हवी होती, चौघांत मिळून एक. बसवायला दहा मिनिटं लागली, आणि कमांड एका वेळी एकच चालते त्यामुळे दोन वर्कर एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. पहिला महिना मी खूश होतो.

मग चुका सुरू झाल्या. सगळ्या माझ्याच.

पहिली चूक भावाची. भाव तीस सेकंदांच्या मुदतीने ठेवत होतो, मुदत संपली की डेटाबेसमधून ताजा यायचा. एकदा दिवाणजींनी चुकलेला भाव दुरुस्त केला. त्या दुरुस्तीच्या कोडमध्ये मी नुसतं ‘सेट’ लिहिलं होतं, मुदत न देता. साधं सेट केलं की आधीची मुदत पुसली जाते. ती ‘की’ (ज्या नावाखाली भाव ठेवला होता ती नोंद) कायमची झाली. माझं कोड की सापडली नाही तरच डेटाबेसकडे जाणार, आणि ती तर रोज सापडत होती. दुसऱ्या दिवशी लिलाव संपून तासभर झाला तरी टीव्हीवर कालचाच भाव. आता सगळं लिहिणं एकाच फंक्शनमधून जातं आणि त्याला मुदत दिली नाही तर ते चालतच नाही. जुनी मुदत राखायची असेल तर ६.० आवृत्तीपासून ‘कीपटीटीएल’ आहे, पण मला दरवेळी मुदत लिहायला लावणारी शिस्तच बरी वाटली.

दुसरी चूक लोभाची. वेग मिळतोय म्हटल्यावर मी पट्ट्यांच्या पीडीएफसुद्धा रेडिसमध्ये कोंबल्या. ६४ बिटच्या मशीनवर मेमरीला मुळात मर्यादा नसते, ती आपण घालायची असते. मी घातली नव्हती. रॅम भरली, स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झाला आणि ज्या पोस्टग्रेसला हलकं करायला हे आणलं तेच गुदमरलं. कॅशसाठी (पटकन मिळावा म्हणून धरून ठेवलेल्या तात्पुरत्या डेटासाठी) स्वतंत्र सर्व्हर असता तर नुसती कॅश भरली असती. इथे भाकरी एकच, ती कॅशला दिली तर डेटाबेसच्या ताटातून कमी होते. वर डिस्कवर स्नॅपशॉट घ्यायचं काम सुरू होतं, त्यासाठी प्रोसेस स्वतःची प्रत काढते आणि त्या वेळात लिहिणं जास्त असेल तर मेमरी आणखी लागते. कॅशचा बॅकअप मला कशाला? तो बंद केला.

मर्यादा घातली २५६ एमबी. चार दिवसांनी लिहिण्याच्या कमांडवर एरर. कारण मर्यादा भरल्यावर जुनं काढून टाकायचं हे आपण सांगावं लागतं. न सांगितल्यास धोरण ‘नोएव्हिक्शन’, म्हणजे नवीन घेणार नाही. मग ‘ऑलकीज-एलआरयू’ लावलं, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ हात न लागलेली की आधी काढायची. आणि आता दिवाणजी लिलावातून दोन तासांनी परत आले की लॉगआउट झालेले. लॉगिनची सेशनही मी तिथेच ठेवली होती ना! पीडीएफच्या गर्दीत बराच वेळ हात न लागलेली सेशन रेडिसने बाहेर काढली. (हे एलआरयूही अंदाजाचंच, मुळात पाच की उचलून त्यातली जुनी निवडतं. पण दोन तास पडून असलेली की कधी ना कधी सापडतेच.) त्याचा दोष नाही. हरवलं तर चालेल आणि हरवलं तर चालणार नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात मी भरल्या होत्या. सेशन पोस्टग्रेसमध्ये गेली, पीडीएफ फाइल म्हणून डिस्कवर.

सहाव्या महिन्यात जे सापडलं ते सांगायला लाज वाटते. त्या चार सेकंदांच्या क्वेरीवर ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज’ चालवलं, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते बघितलं. शेतकऱ्याचा क्रमांक आणि तारीख यावर इंडेक्सच (नोंद पटकन शोधायची सूची) नव्हता. प्रत्येक पट्टीला अख्खं टेबल चाळलं जात होतं. इंडेक्स टाकला, पान लगेच उघडायला लागलं, कॅश बंद ठेवूनही. म्हणजे पाच महिने मी गळक्या पाइपाखाली जास्त मोठी बादली ठेवत होतो.

मग रेडिस काढलं का? नाही. आता त्यात दोनच प्रकारच्या की आहेत, चालू भाव आणि दिवसाच्या बेरजा. लाइट जाऊन आली की कॅश रिकामी असते आणि चारही वर्कर तीच बेरीज करायला एकदम धावतात, त्यासाठी ‘सेट’ला ‘एनएक्स’ (की आधी नसेल तरच लिही) लावून छोटं कुलूप केलंय. नेटवर्कच्या पोर्ट ६३७९ ऐवजी युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधला थेट रस्ता) वापरतो, एकाच मशीनवर टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कचा, वळसा कशाला. न बदलणाऱ्या गोष्टी, हमालीचे दर वगैरे, परत पायथनच्या डिक्शनरीत गेल्या. तिथून वाचणं रेडिसपेक्षा कितीतरी स्वस्त, कारण प्रोसेसच्या बाहेर जावं लागत नाही.

मधल्या काळात वॅल्कीवर आलो. मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यावर ७.२.४ आवृत्तीवरून लिनक्स फाउंडेशनकडे निघालेली ती शाखा. माझ्या एवढ्याशा कामाला परवान्याने फरक पडत नव्हता. उत्सुकता होती, इतकंच. पायथनच्या कोडमधली एकही ओळ बदलली नाही.

वर्कर एकच असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, आधी इंडेक्स बघा. माझ्याकडे सध्या मर्यादा ६४ एमबी आहे आणि तीही मोठीच वाटते. व्यापारी येत्या हंगामात शेजारचा गाळा घेतोय, तिथे दुसरा पीसी येईल. तेव्हा सॉकेट सोडून पुन्हा पोर्टवर जावं लागेल, पासवर्ड घालावा लागेल, आणि नावातलं ‘रिमोट’ पहिल्यांदा उपयोगी पडेल.