व्हेपच्या दुकानाची पायरी साठीनंतर चढताना: आठ महिन्यांचा अनुभव

अडतीस वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला वीसच्या आसपास. निकोटीनचं च्युइंगम झालं, पॅच झाले, नुसत्या निग्रहावर काढलेले सतरा दिवसही झाले. एकसष्टाव्या वर्षी व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळलो, त्याला आता आठ महिने होतील. यंत्रांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला दुकानांबद्दल लिहायचंय, कारण माझी सिगारेट सुटली त्यात यंत्राचा जेवढा वाटा आहे तेवढाच काउंटरपलीकडच्या माणसाचा आहे. (काही देशांत या विक्रीवर पूर्ण बंदी आहे. दुकानं जिथे रीतसर चालतात, तिथल्यांसाठीच हे.)

पहिल्या दुकानात मुलीला घेऊन गेलो होतो. आत वाफ दाटलेली, गाणी मोठ्यानं लावलेली, बसायला एक सोफा, तोही इतका खोल की उठताना आधार लागावा. प्रश्न मी विचारत होतो आणि उत्तरं तिला मिळत होती. "यांना कोणता फ्लेवर आवडेल?" हेसुद्धा तिलाच विचारलं. मी किती ओढतो, कशी ओढतो, हे कुणी विचारलंच नाही. "सध्या हेच चालतंय" म्हणून एक जाडजूड यंत्र आणि 3 मिलिग्रामचं (म्हणजे दर मिलीमध्ये तेवढं निकोटीन असलेलं) लिक्विड हातात ठेवलं. हे लिक्विड तापून त्याची वाफ होते.

ते का चुकलं हे मला फार नंतर कळलं. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. ते यंत्र होतं कमी ओहमच्या (म्हणजे कमी विद्युतरोधाच्या) कॉइलचं, कॉइल म्हणजे लिक्विड तापवणारी तार; भरपूर वाफ सरळ छातीत ओढण्याचं. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. आणि वीस सिगारेटींची सवय असलेल्याला मी घेत होतो तेवढ्या 3 मिलिग्रामनं काही होत नव्हतं, तलफ तशीच राहायची. चौथ्या दिवशी पुन्हा सिगारेट पेटवली. हे आपल्या वयाच्या माणसांचं काम नाही, असंच तेव्हा वाटलं. आज त्याचा राग येतो, कारण असे परत गेलेले किती असतील, आणि त्यातल्या कितींनी पुन्हा प्रयत्नच केला नसेल!

दुसऱ्या दुकानात दोन महिन्यांनी गेलो, तेही एका मित्राच्या आग्रहाखातर. तिथल्या मुलानं गाण्याचा आवाज कमी केला, काउंटरला वळसा घालून खुर्ची आणून दिली आणि काहीही दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारले. "काका, दिवसाला किती? आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?" हा दुसरा प्रश्न नेमका आहे. उठल्यावर पाच मिनिटांत सिगारेट लागत असेल तर निकोटीनची ओढ जबर आहे असं समजतात. माझं उत्तर ऐकून त्यानं लहानसा पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी टाकी असलेलं साधं यंत्र, काढला. बटण नाही, तोंडाला लावून ओढलं की आपोआप चालू होतो. कॉइल साधारण 1 ओहमची, लिक्विड 18 मिलिग्रामचं, पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन), म्हणजे लिक्विडचे दोन मूळ द्रव, निम्मं-निम्मं.

मग त्यानं पॉड माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता तुम्ही भरा, मी बघतो." बाजूचं रबराचं बूच नखानं उचकटायचं, बाटलीचं टोक भोकात टेकवून हळू दाबायचं, रेघेच्या थोडं खाली थांबायचं. माझा हात हलला, चार थेंब बोटावर सांडले. त्यानं कागद पुढे केला, हात लगेच धुवायला लावले (निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं) आणि पुन्हा भरायला सांगितलं. भरल्यावर लगेच ओढायचं नाही. कॉइलमधला कापूस भिजायला दहा मिनिटं द्यायची, नाहीतर तो जळतो आणि घशाला जळका चटका बसतो. ती दहा मिनिटं तो शेजारी बसून राहिला. पॉडच्या टाकीत एकेक बुडबुडा वर येत होता, तो दाखवून म्हणाला, "हे आले म्हणजे कापूस पितोय." दुसऱ्या आठवड्यात माझी शेवटची सिगारेट संपली.

पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, कुठली औषधं चालू आहेत. मला दम्यासाठी थिओफिलीन चालू होतं. "डॉक्टरांना सांगा सिगारेट बंद झाली म्हणून," एवढंच तो बोलला, सल्ला दिला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून मात्रा कमी केली. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध भराभर संपवतं, धूर थांबला की तेच औषध अंगात साठायला लागतं. निकोटीनचा याच्याशी संबंध नाही, त्यामुळे व्हेपवर आलेल्यांनाही हे लागू होतं. साठीनंतर येणाऱ्या प्रत्येकाला दुकानानं एवढं विचारावंच.

त्याच दुकानात एकदा विशीतला एक मुलगा आला. वयाचा पुरावा बघून झाल्यावर त्याला विचारलं, सिगारेट ओढतोस का. तो नाही म्हणाला. "मग हे सुरू करू नकोस," म्हणून त्याला परत पाठवला. नवख्याचं स्वागत म्हणजे येईल त्याला विकणं नव्हे, हे मला त्या दिवशी पटलं. व्हेप निर्धोक नाही, निकोटीनचं व्यसन लागतंच. ज्याला धूर सोडायचाय त्याच्यासाठी ते आहे, तेही पूर्ण बदललं तर. दोन्ही चालू ठेवून फारसं हाती लागत नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या बहुतेक सगळ्याच दुकानांबद्दल. लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी. बाटलीची झाकणं दाबून फिरवायची असतात. लहान मुलांसाठी ते हवंच, पण संधिवात असलेल्या बोटांना ती उघडत नाहीत. माझ्या सत्तरीतल्या मित्राचे हात कापतात, त्याला आधीच भरलेले पॉड आहेत हे तीन दुकानं फिरल्यावर कळलं. आणि खुर्ची! एक साधी, पाठ असलेली खुर्ची ठेवायला काय हरकत असते? व्हेपचं उपकरण 2003 च्या सुमारास बनवणारे चीनमधले होन लिक स्वतः पन्नाशीच्या आसपासचे, सिगारेट ओढणारे गृहस्थ होते. दुकानांची सजावट मात्र सगळी पंचविशीच्या गिऱ्हाइकासाठी.

चौथ्या महिन्यात 18 वरून 12 वर आलो, आता 6 वर आहे. दोन्ही वेळा विषय त्यानंच काढला. मी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जातो, तेव्हा गर्दी नसते. परवा नवी बाटली देताना त्यानं काळ्या मार्करनं तिच्यावर मोठ्ठा 6 काढला आणि उघडल्याची तारीख लिहायला खाली जागा सोडली.