आंब्याच्या साली की नुसतं शेण? गोबरगॅस बांधण्याआधीचा हिशेब

मे महिन्यात कोकणातल्या बागायतदाराच्या घरी दोन ढीग असतातच. गोठ्यामागे शेणाचा, आणि मागच्या पडवीत आटवलेल्या आंब्यांच्या साली-बाठ्यांचा. गोबरगॅस बांधायला निघालेले लोक मला विचारतात, दोन्ही धरून किती मोठा बांधू? माझं म्हणणं असं की आकार शेणावरूनच ठरवा. फळ वरकड समजा.

शेणाचा हिशेब सरळ आहे. २५ किलो ताज्या शेणातून दिवसाला साधारण १ घनमीटर गॅस मिळतो. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला २ घनमीटरचा संच पुरतो, म्हणजे रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी हवं. महिन्याचा हा गॅस जवळजवळ दोन घरगुती सिलिंडरांच्या तोडीचा होतो. पुस्तकात गाय दिवसाला १० किलो आणि म्हैस १५ किलो शेण देते, पण आपली गावठी गाय अंगाने लहान, आणि चरायला गेली की बरंचसं शेण रानातच पडतं. म्हणून आठवडाभर गोठ्यातल्या पाट्या वजन करून बघा. शेण कमी आणि संच मोठा, ही चूक फार ठिकाणी दिसते.

फळाचा कचरा किलोमागे शेणापेक्षा जास्त गॅस देतो. शेण हे गाईच्या पोटातून एकदा पचून आलेलं असतं, सालीतली साखर मात्र अख्खी शिल्लक असते. पण तीच साखर घातही करते. हौदातले आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर कामाला लागतात, आम्लापासून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, करणारे मात्र सावकाश वाढतात. एका वर्षी आम्ही सालींच्या चार मोठ्या पाट्या एकदम हौदात ओतल्या. हौदावर तरंगणारी, गॅस साठवणारी टाकी चांगली वर आली, पण शेगडीवर ज्योत धरेना, कारण आत जमलेला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइड होता. आंबूस वास सुटला. आठवडाभर भरणी थांबवली, चुन्याची निवळी आणि ताजा शेणकाला थोडा थोडा घातला, तेव्हा तीन आठवड्यांनी संच ताळ्यावर आला.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा: साली बारीक चिरायच्या, दहा किलो शेणामागे एक किलोने सुरुवात करायची, आणि ज्योत निळी राहिली तरच हळूहळू दोन किलोपर्यंत जायचं. बाठे अजिबात घालायचे नाहीत, ते कुजत नाहीत आणि तळाशी साचतात. काजूची बोंडंही याच मापाने घालावीत. लिंबू-संत्र्याच्या सालींतलं तेल जिवाणूंना मारक असतं, त्या टाळलेल्या बऱ्या.

कोणता संच बांधायचा, हेही यावरच अवलंबून आहे. नुसतं शेण घालणार असाल तर जमिनीखालचा घुमटाचा, दीनबंधू नावाचा संच उत्तम. त्यात गंजणारं काही नाही, हलणारा भाग नाही, खर्चही कमी. फक्त गवंडी त्यातला जाणता हवा, घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निसटतो. फळ घालणार असाल तर मात्र मी तरंगत्या टाकीकडे झुकेन. सालींचा चोथा वर येऊन जाड साय धरते. टाकी रोज थोडी फिरवली की ती मोडते, घुमटाच्या आत मात्र हात पोहोचत नाही. शिवाय किती गॅस उरलाय ते टाकीच्या उंचीवरून घरातल्या बाईला लगेच कळतं. खाऱ्या हवेत लोखंडी टाकी लवकर गंजते, म्हणून पैसे जास्त गेले तरी फायबरचीच घ्या. प्लास्टिकच्या पिशवीचे संच झटपट बसतात, पण ऊन आणि उंदीर यांपासून त्यांना जपावं लागतं. भाड्याच्या जागेत असाल तरच मी त्यांचा विचार करेन.

खड्डा खणण्याआधी आणखी एक पाहा. मेमध्ये कोरडी ठणठणीत वाटणारी जागा ऑगस्टमध्ये पाण्याने भरते. शेजारच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं ते विचारा. ते जमिनीच्या जेमतेम हातभर खाली येऊन ठेपत असेल, तर दीनबंधूचा नाद सोडा आणि संच उंचवट्यावर, गोठ्याच्या जवळ घ्या.