गिटमध्ये फाइलचे गुणधर्म: नियम वाचावेत की गिटलाच विचारावं?
सोलापुरी चादरीची जॅकार्ड डिझाइनं बीएमपी (चित्रांच्या) फाइलींत करून गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, सांभाळायची, तर एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: गिट त्या फाइलींना बायनरी, म्हणजे मजकूर नसलेल्या, मानतंय ना?

‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ ही गुणधर्मांच्या नियमांची फाइल उघडून वाचणं सोपं. प्रकल्प लहान असेल तर पुरतंही. नियम का लिहिला, हे टिपेतून तिथेच कळतं.

पण नियम अनेक ठिकाणी असू शकतात. ‘इन्फो/अ‍ॅट्रिब्यूट्स’ (‘.गिट’ फोल्डरातले नियम) सगळ्यांत वरचढ, मग फाइलच्याच फोल्डरमधले, मग वरच्या फोल्डरांतले, शेवटी वापरकर्त्याचे आणि सिस्टिमचे. शिवाय एकाच फाइलीत नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते. हा हिशेब डोक्यात मांडणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून माझा कौल गिटलाच विचारणाऱ्या आज्ञेला, ‘गिट चेक-अ‍ॅट्र’ला. ‘-ए’ आणि फाइलचं नाव दिलं की अंतिम निकाल येतो, उदाहरणार्थ ‘बायनरी: सेट’, ‘टेक्स्ट: अनसेट’. फाइल अजून तयार नसली तरी चालतं! मात्र ‘-ए’ न ठरवलेले गुणधर्म गाळतं. ‘टेक्स्ट’ असं नाव घेऊन विचारलं तरच ‘अनस्पेसिफाइड’ दिसतं. ‘अनसेट’ म्हणजे ठाम नकार, ‘अनस्पेसिफाइड’ म्हणजे नियमच नाही; मग ओळींच्या शेवटांचं काय करायचं ते ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ या सेटिंगवर ठरतं. निकाल कुठल्या ओळीमुळे लागला, हे मात्र ही आज्ञा सांगत नाही. त्यासाठी फाइली उघडाव्याच लागतात.