विम, सात महिन्यांनी

सात महिन्यांपूर्वीपर्यंत सर्व्हरवरची कुठलीही फाइल मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नॅनो या सोप्या एडिटरनेच उघडायचे. खाली आज्ञा लिहिलेल्या असतात. बघायचं आणि दाबायचं. मग एका ग्राहकाचा सर्व्हर गळ्यात पडला. त्यावर नॅनो नव्हता, आणि नवीन काही टाकायची परवानगीही नव्हती. व्हीआय हा जुना एडिटर तेवढा होता. बाणाची कळ दाबली की कर्सर हलायच्या ऐवजी फाइलीत ए, बी, सी, डी उमटायचं. (विम म्हणजे व्हीआयचा सुधारलेला वारस. ती त्याची छोटी आवृत्ती होती, जुन्या व्हीआयसारखी वागणारी. हे बऱ्याच दिवसांनी कळलं.) त्या दिवशी मी सरळ टर्मिनलची खिडकी बंद करून सुटका करून घेतली. हसू नका. ‘विममधून बाहेर कसं पडायचं’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ सालीच दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. उत्तर एवढंच: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. केलेले बदल मात्र जातात.

शिकायला मी विमट्यूटर वापरलं. टर्मिनलमध्ये एवढा एकच शब्द टाइप केला की धड्यांची फाइल उघडते, आणि त्याच फाइलीत खोडून-लिहून सराव करायचा. अर्धा तास लागेल असं ते म्हणतं. मला तीन संध्याकाळी लागल्या. पण व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. बोटांना शिकवायचं असतं, डोळ्यांना नाही.

पहिला महिना वाईट गेला. विममध्ये लिहायचा मोड वेगळा; एस्केप दाबून त्यातून बाहेर आलं की अक्षरं उमटत नाहीत, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. एच, जे, के, एल या कळांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जायचं, हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल असं वाटायचं. बिल जॉयने १९७६च्या सुमारास बर्कलीला व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा-कीबोर्डच्या यंत्रावर. त्याच्या कीबोर्डवर याच चार कळांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप होती आज टॅब असते तिथे. म्हणजे त्याचं बरोबरच होतं. आमच्या करंगळीला मात्र तेव्हापासून कोपऱ्यापर्यंत धावावं लागतंय. मी कॅप्स लॉकचीच एस्केप करून टाकली. त्याने दुसरंही दुखणं गेलं: कॅप्स लॉक चालू राहिला की मोठा जे खाली नेत नाही, पुढची ओळ ओढून या ओळीला चिकटवतो. चाळीस ओळींच्या कॉन्फिगचा (सेटिंगच्या फाइलीचा) मी एकदा असा गोळा केला होता. घाबरून पूर्ववत करायला यू दाबला, तर तोही मोठाच उमटला आणि भलतंच काहीतरी करून बसला.

खरा फरक पडला तो दुसऱ्या महिन्यात, आज्ञांची यादी पाठ करणं सोडल्यावर. डी म्हणजे पूस, सी म्हणजे पुसून नवीन लिही, वाय म्हणजे नक्कल घे. ही झाली क्रियापदं. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. डी-२-डब्ल्यू: ‘पूस दोन शब्द’. आपण म्हणतो ‘दोन शब्द पूस’. क्रियापद शेवटी टाकायची सवय असलेल्या डोक्याला हे उलटं पडतं. म्हणूनच असेल, मला आधी जमला तो व्हिज्युअल मोड: व्ही दाबून मजकूर निवडायचा आणि मग डी. हे एवढं, पूस. अगदी मराठी. जाणकार याला नाक मुरडतात, कारण टिंब म्हणजे ‘मघाचाच बदल पुन्हा कर’, आणि असं निवडून केलेलं काम टिंबाने नीट पुन्हा करता येत नाही. ते खरं आहे, आणि टिंबासाठीच मी शेवटी सवय बदलली. अवतरणात कुठेही उभं राहून सी-आय-अवतरणचिन्ह दाबायचं, आतलं सगळं पुसलं जातं, नवीन पत्ता लिहायचा, एस्केप; मग पुढच्या ओळीवर जाऊन नुसतं टिंब. बारा ओळींचं काम गाणं गुणगुणता गुणगुणता होतं.

तक्रारीही आहेत. कंट्रोल-एस बोटात इतकं मुरलंय की अजूनही दाबलं जातं, आणि टर्मिनल गोठतं. कंट्रोल-क्यूने सुटतं, पण पहिल्यांदा मी सर्व्हरच गेला असं समजून ग्राहकाला फोन लावला होता. लिहिताना मागचा शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू आहे. ब्राउझरमधल्या टर्मिनलमध्ये त्यानेच अख्खा टॅब बंद होतो. माझा असा बंद झाला तेव्हा मागे राहिलेल्या स्वॅप फाइलने, म्हणजे विम आपोआप ठेवतो त्या तात्पुरत्या प्रतीने, काम वाचवलं. पुन्हा उघडल्यावर तो लांबलचक इशारा येतो तो वाचा, आर दाबा, बहुतेक सगळं परत मिळतं.

सगळ्यात मोठी तक्रार आपल्याच लोकांसाठी. इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत लिहून एस्केप दाबलं तरी कीबोर्ड मराठीतच राहतो. मग जेच्या जागी र, केच्या जागी क, डीच्या जागी हलन्त, आणि विमला यातलं काहीच कळत नाही. प्रत्येक एस्केपनंतर भाषा बदलायची म्हणजे वेग संपलाच. शिवाय माझ्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे कॉन्फिग आणि स्क्रिप्ट विममध्ये, मराठी पत्रं नेहमीच्या एडिटरमध्ये, अशी वाटणी झालीय.

नुसतं विम उघडलं की बरेचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. १९९१मध्ये विम पहिल्यांदा बाहेर आणणारे ब्रॅम मोलेनार २०२३च्या ऑगस्टमध्ये गेले. पैशांऐवजी ते एवढंच मागत आले. मी ती ओळ सहा महिने न वाचताच पुढे जात होते.

परवा ऑफिसच्या एका पत्राच्या शेवटी ‘कोलन डब्ल्यू क्यू’, विममधली ‘जतन करून बाहेर पड’ ही आज्ञा, टाइप झालं आणि तसंच गेलं.