लाळेवरून ‘सायनसचा धोका’ सांगणारं जीन-टेस्ट किट: नमुना सोपा, रिपोर्ट पोकळ

घरबसल्या लाळ पाठवून होणाऱ्या जीन-टेस्टच्या काही रिपोर्टांत ‘सायनस आणि नाकाची ॲलर्जी’ असं एक पान असतं. सर्दी हटत नाही, ऑपरेशन करूनही नाकात पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे) पुन्हा वाढले, अशी माणसं त्या पानासाठी किट मागवतात. हे परीक्षण तेवढ्या पानापुरतंच.

नमुना द्यायला कटकट नाही. अर्धा तास आधीपासून खाणं, पिणं, तंबाखू, मिश्री बंद. नळीवरच्या रेघेपर्यंत साधारण 2 मिलिलिटर लाळ हवी. चूक होते ती फेसामुळे: फेस रेघेला टेकतो, खाली लाळ निम्मीच असते आणि लॅब पुन्हा नमुना मागते. झाकण घट्ट फिरवलं की त्यातलं द्रावण लाळेत उतरतं. मग नळी हलवायची, नाहीतर वाटेत डीएनए खराब होतो.

खरी गोची रिपोर्टात आहे. स्वस्त किट चिपवर चालतं. चिप डीएनएमधल्या आधी ठरवलेल्या जागाच वाचते. अशा एकेका जागेचा परिणाम नगण्य, आणि त्यांची बेरीज करून काढलेला स्कोअर बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला. त्यामुळे ‘मध्यम धोका’ वाचून औषधात काडीचा फरक पडत नाही.

दोन जनुकं मात्र दखल घेण्याजोगी. आइसलँडच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की एएलओएक्स15 मधला एक दुर्मीळ बदल पॉलिपचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटवतो. तो नसणं हा दोष नव्हे. बहुतेकांत तो नसतोच. दुसरं टीएएस2आर38, कडू चवीचं. त्यापासून बनणारा रिसेप्टर, म्हणजे ती चव टिपणारं प्रथिन, नाकाच्या अस्तरातही असतो. स्यूडोमोनास जंतूचे रासायनिक संदेश ओळखून जंतू मारणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडायला लावतो. पुढच्या अभ्यासांत त्याचा सायनसशी संबंध कधी दिसला, कधी नाही. शिवाय ती कडू चव लागते का, हे पीटीसी या कडू रसायनाची कागदी पट्टी जिभेवर ठेवूनही बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी हजारो रुपये कशाला?

जिथे जनुक खरोखर निर्णायक, तिथेच किट तोकडं पडतं. सिस्टिक फायब्रोसिस या शरीरातला कफ घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या सीएफटीआर जनुकात शेकडो रोगकारक बदल आहेत; किट त्यातले यादीतलेच पाहतं. त्यातला सर्वांत परिचित एफ508डेल भारतीय रुग्णांत युरोपपेक्षा कमी सापडतो, म्हणून ‘काही आढळलं नाही’ यावर विसंबू नये. लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसला तर घामातलं क्लोराइड तपासायला हवं: 60 मिलिमोल प्रतिलिटर किंवा जास्त म्हणजे आजाराचा भक्कम पुरावा, 30 ते 59 म्हणजे पुढचा तपास. जन्मापासून वाहणारं नाक, बाराही महिने ओला खोकला, फुटणारा कान, कधी उजवीकडे असलेलं हृदय, या खुणा केसलांच्या (श्वासमार्गातला कफ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या) जन्मजात दोषाच्या. त्यामागे 50 हून अधिक जनुकं आहेत. तिथे डॉक्टरांमार्फत सिक्वेन्सिंगच, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणं, लागतं. आईवडील आते-मामेभावंडं असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे दोन्ही आजार बहुधा दोघांकडून सदोष प्रत आल्यावरच होतात.

मोठ्या माणसाचं नाक 12 आठवड्यांहून जास्त चोंदलेलं असेल, तर तेच पैसे दुर्बिणीतून नाकाची तपासणी आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची मोजणी यांवर घाला. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने उठणारी धाप हे तिन्ही एकत्र असणं कुठल्याही स्कोअरपेक्षा जास्त सांगून जातं.

तरीही किट घ्यायचंच असेल तर आधी विचारा: चिप आहे की सिक्वेन्सिंग? सीएफटीआरचे नेमके किती बदल पाहता? रिपोर्ट समजावणारा जेनेटिक काउन्सेलर मिळेल का? आणि चिपवर एखादा दुर्मीळ बदल ‘सापडला’ तर वैद्यकीय लॅबमध्ये तो पुन्हा तपासून घेतल्याशिवाय घरात कुणाला सांगू नका. अशा बदलांत चिप बऱ्याचदा चुकते.