४० सेलचा ब्रेल डिस्प्ले: आठ महिन्यांनंतर

स्क्रीनवरचा मजकूर बोटांनी वाचता येणारा हा ब्रेल डिस्प्ले घेतला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, मीटिंगमध्ये बोलताना कानात दुसरा आवाज नको. एका कानात इअरफोन, त्यात स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) भराभर मुद्दे वाचतोय, दुसऱ्या कानाने समोरच्याचं ऐकायचं आणि मधल्या मधे आपण बोलायचं, असं वर्षानुवर्षं केलंय आणि दिवसाच्या शेवटी डोकं पार बधिर व्हायचं. ते पहिल्याच आठवड्यात थांबलं. पण आज लिहावंसं वाटतंय ते वेगळ्याच कारणासाठी. मॉडेलचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहितोय त्यातलं बहुतेक कुठल्याही ४० सेलच्या डिस्प्लेला लागू पडेल.

ब्रेल मी लहानपणी पाटी आणि स्टायलसवर शिकलो, नंतर कॉम्प्युटर आला आणि ब्रेल सुटलंच. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर मोफत मिळत होता (२००६ ला मायकल करनने सुरू केला, मग जेम्स तेह जोडीला आला, दोघंही अंध, त्यांचे उपकार आहेत माझ्यावर), सगळं ऐकून व्हायचं मग बोटं कशाला झिजवायची असं वाटायचं. पंधरा वर्षं एक ओळसुद्धा हाताने वाचली नाही. त्यामुळे डिस्प्ले आला तेव्हा पहिला महिना अवघड गेला हे स्पष्ट सांगतो. र आणि न मध्ये घोटाळा, एक मेल वाचायला दहा मिनिटं, तर्जनीचं टोक संध्याकाळी हुळहुळायचं. तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की आपण आता अक्षरं जुळवत नाही आहोत, शब्द सरळ कळतायत.

ज्यांनी कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी, कीबोर्डच्या पुढे ठेवायची एक लांबट पट्टी, तिच्यावर ४० खाने (यांनाच सेल म्हणतात), प्रत्येक खान्यात आठ बारीक पिना. स्क्रीनवरची ओळ जशी बदलेल तशा पिना वरखाली होतात. प्रत्येक पिनेखाली पिझो सिरॅमिकची एक पातळ पट्टी असते, तिला वीज दिली की ती वाकते आणि पिनेला वर ढकलते. म्हणजे एका डिस्प्लेत ३२० पिना आणि ३२० पट्ट्या, म्हणून ही वस्तू महाग आणि नाजूक. कागदावरच्या ब्रेलमध्ये सहा टिंबं, इथे आठ, खालची दोन बहुतेक कर्सर दाखवायला आणि सिलेक्ट केलेला मजकूर कळायला कामी येतात. प्रत्येक खान्याच्या वर एक छोटं राउटिंग बटण आहे, ज्या अक्षरावर चूक आहे तिथलं बटण दाबलं की कर्सर थेट तिथे. आधी मी अ‍ॅरो दाबत दाबत एकेक अक्षर ऐकत जायचो.

आता मुख्य गोष्ट. माझं मराठी शुद्धलेखन बिघडलं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. कानाला दिन आणि दीन सारखेच लागतात, स्क्रीन रीडरचा यांत्रिक आवाज तर दोन्ही एकसारखंच म्हणतो. ऑफिसात मराठी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो, आणि पंधरा वर्षं मी ऐकलेलं मराठी लिहीत होतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ऱ्हस्व इ म्हणजे २ आणि ४ नंबरची टिंबं, दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५ (डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६). तीच तिरकी जोडी, फक्त एक पायरी खाली. बोटाला हा फरक सुरुवातीला निसटतो, पण एकदा बसला की ‘पाणि’ असं लिहिलेलं नुसतं हाताखालून गेलं तरी खटकतं. अनुस्वार राहिलाय, दोन शब्दांत स्पेस दोनदा पडलीय, पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम आलाय, हे सगळं आवाजात कुणी सांगत नाही, सांगायला लावलं तर ऐकवत नाही. ज्या घरात मूल ब्रेल शिकावं की नुसतं ऐकून चालेल असा विचार चाललाय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ऐकणं शिकवाच पण ब्रेल सोडू नका, स्पेलिंग आणि व्याकरण हाताने वाचल्याशिवाय अंगात मुरत नाही.

मराठी अक्षरांचं ब्रेल करून देणारं टेबल एनव्हीडीएमध्ये आहे, ते लिबलुई नावाच्या ओपन सोर्स लायब्ररीतून येतं. चालतं चांगलं. अडचण येते ती इंग्रजी मिसळलं की, कारण भारती ब्रेलमध्ये क आणि इंग्रजी के एकच, ब आणि बी एकच, मग एकाच ओळीत दोन भाषा आल्या की बोट थबकतं, हा शब्द कुठला? शेवटी दोन कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सेटिंगचे संच) करून ठेवले, एक मराठीचं एक इंग्रजीचं, आणि त्यांना शॉर्टकट दिले. शिवाय आपल्याकडची जोडाक्षरं जागा खातात, अर्ध्या अक्षरासाठी वेगळं चिन्ह आधी येतं, ‘प्रश्न’ एवढ्या शब्दाला सहा खाने लागतात. ४० खान्यांत मराठीचे सहा-सात शब्द, की लगेच पॅनिंगचं, म्हणजे पुढचा मजकूर आणायचं, बटण. लांब रिपोर्ट वाचताना अंगठा दुखतो, त्यामुळे मोठं वाचन असेल तर मी अजूनही ऐकतो. २० सेलचा विचार करत असाल तर फोनसोबत खिशातून न्यायला ठीक, टेबलावर बसून मराठी काम करायचं असेल तर ४० च्या खाली जाऊ नका.

एक सेटिंग लगेच बदला. नोटिफिकेशन आलं की वाचत असलेली ओळ गायब होते आणि काही सेकंद तो मेसेजच बोटाखाली राहतो. ऐन बोलताना दोनदा असं झालं, वाक्य अर्ध्यात तुटलं. ब्रेल सेटिंगमध्ये मेसेज दाखवणं बंद करता येतं, मी केलं.

स्प्रेडशीटमध्ये मात्र एकच ओळ असल्याची उणीव जाणवते. रकान्याखाली रकाना कसा आहे ते एका ओळीत कळत नाही, आकडे तपासताना स्प्रेडशीटमधल्या चौकटीचा पत्ता आवाजात आणि आकडा बोटाखाली असं दोन्ही मिळून करतो. ब्लूटूथ दोन-चार दिवसांत एकदा रुसतं, ऑफिसात मी केबलच लावतो.

मुलीला गोष्ट वाचून दाखवता येते आता. आधी फोनच तिला वाचून दाखवायचा, मी शेजारी बसायचो. आता राक्षसाचा आवाज मी काढतो, आणि तिला हवं तिथे थांबतो.

सहाव्या महिन्यात सतराव्या खान्यातली ३ नंबरची पिन वर येईना. एक पिन, त्याने काय होतंय असं वाटेल. पण म मधून ते टिंब गेलं की च होतो, त्यामुळे ‘मूल’ नेमकं त्या खान्यापासून सुरू झालं की ‘चूल’ वाचलं जायचं. ल चा ब, र चा ह. पुढे आकडे आहेत हे सांगणारं अंकचिन्ह तिथे पडलं तर त्याचा ळ व्हायचा आणि पुढचे आकडे अक्षरं वाटायचे, हिशेबाच्या कागदात हे भयंकर आहे. हात धुऊन कोरडे करूनच वाचावं, हे मला सुरुवातीला कुणी नीट सांगितलं नव्हतं, बोटांचा तेलकटपणा आणि धूळ पिनांच्या भोकात बसते. काही दिवस तो खाना टाळून वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, शेवटी सर्व्हिसला पाठवला. बदली डिस्प्ले देण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, याचा मला राग आहे. रोजच्या कामाची वस्तू आहे, घेण्याआधी हे विचारून घ्या आणि लेखी घ्या.

नऊ दिवस परत कानावर काढले. डिस्प्ले आल्यावर मी आधी त्या नऊ दिवसांत पाठवलेले मेल उघडले आणि हाताने वाचले. पाच ठिकाणी चुका. एका पत्राच्या विषयाच्या ओळीतच ‘सुचना’ असं गेलं होतं. ते दुरुस्त करून पुन्हा पाठवलं.