नव्या रंगातला माझाच टर्बो

माझी दहाचाकी गाडी आहे. मालक मी, ड्रायव्हरही मीच. घर गोव्यात, डिचोलीकडे. आधी खनिजाचा टिपर चालवायचो. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा तो मिळेल त्या भावात विकला आणि पुढे कर्ज काढून ही जुनी गाडी घेतली. कुंडईला माल भरायचा आणि अनमोड घाटातून बेळगाव, हुबळी करायची.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मोलेच्या अलीकडे गाडी ओढेनाशी झाली. दाबावं तेवढा काळा धूर. पुढे घाट, मागे भरलेला माल आणि पार्टीचे फोनवर फोन. हमरस्त्यालगत एक गॅरेज दिसलं, तिथे लावली.

मेस्त्रीने एअरचा होज, म्हणजे हवेचा रबरी पाइप काढला, आत बोट फिरवून तेल दाखवलं. मग टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट (मधला दांडा) चिमटीत धरून वर-खाली हलवला. "भाऊ, टर्बो गेला. असाच घाट चढलास तर इंजिन धरेल, मग दीड-दोन लाख." त्या दोन वाक्यांनी माझ्या पोटात गोळा आला. आज मला ठाऊक आहे की इंजिन बंद असताना असा शाफ्ट आडवा थोडा हलतोच, आणि होजमध्ये तेलाचा हलका थरही असतो. शाफ्ट आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती बाहेरच्या घराला घासत असतील, तर काळजी. पण त्या वेळी हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं, आणि ओळखीच्या मेस्त्रीला एक फोन करायचंही मला सुचलं नाही.

नवा टर्बो ४२ हजार, जुना कंपनीला परत द्यायचा म्हणून ५ हजार कमी. मजुरी साडेचार हजार, ऑइल-फिल्टर ६,३००. एकूण ४७,८००. हे पैसे मी विम्यासाठी बाजूला ठेवले होते. एवढ्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचाच हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. २५ हजार मोबाइलवरून दिले, बाकी रोख, कारण "रोख दे, जीएसटी वाचेल". मी टपरीवर चहा प्यायला गेलो तेवढ्यात टर्बो बसलाही होता, चकचकीत चंदेरी. बिल म्हणजे वहीतला फाडलेला कागद.

घाट चढला. अकरा दिवसांनी त्याच चढावर पुन्हा तेच, तोच काळा धूर. या वेळी कशीबशी वळवून तिस्कला आणली. तिथला मेस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. गाडी चालू ठेवून त्याने इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर साबणाचं पाणी शिंपडलं आणि मला रेस द्यायला सांगितलं. होज आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाली फेस उसळला. होज खालच्या बाजूने बोटभर चिरला होता. हवा तिथून निसटायची, म्हणून ओढ नाही आणि धूर. पहिल्या मेस्त्रीने तोच होज पुढे सरकवून क्लॅम्प आवळला होता. चीर वाढेपर्यंत अकरा दिवस निघाले. नवा होज आणि मजुरी मिळून १,९०० रुपये.

मग त्याने चिंधीला थिनर लावून टर्बो पुसला. चंदेरी रंग निघाला आणि खालून एक तिरकी खाच दिसली. ती मी ओळखली. तीन वर्षांपूर्वी गंजलेला क्लॅम्प तोडताना माझ्याच हातातून छिन्नी निसटली होती, तीच खाच. माझाच टर्बो धुऊन, रंगवून मला ३७ हजारांना विकला होता. मी गाडीच्या पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

गाडी अडली की आपल्याला घाई असते, आणि अशा माणसाला ती लांबून दिसते. म्हणून माझ्यासारख्या एकट्या गाडीवाल्यांना कळकळीने सांगतो: पार्ट उघडायच्या आधी त्याचा आणि त्यावरच्या नंबरपट्टीचा फोटो काढा. जुना पार्ट परत द्यायचा असेल तरी आधी नव्याच्या खोक्याशेजारी ठेवून बघा. काम चालू असताना चहाला जाऊ नका. पक्कं बिल मागा; गोव्यातल्या जीएसटी नंबरची सुरुवात ३० ने होते, आणि तो सरकारी पोर्टलवर तिथल्या तिथे तपासता येतो. कर वाचवून मी माझाच पुरावा घालवला.

विम्यासाठी शेवटी बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवाव्या लागल्या. आता प्रत्येक खेपेचे दीड हजार पिग्मीत टाकतो, फक्त दुरुस्तीसाठी. एका मोठ्या कामाला ते पुरणार नाहीत, पण रस्त्यात दुसऱ्या मेस्त्रीला बोलावून दाखवण्याइतकी उसंत त्यातून मिळते.

त्या गॅरेजवाल्याने हात वर केले. "तू कुठून कुठला टर्बो आणलास मला काय माहीत?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा ग्राहक आयोगाची वाट कळली. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच ठरतो, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज लिहून झालाय. सोबत मोबाइलवरच्या २५ हजारांची नोंद, वहीतला तो कागद, खाचेचे फोटो आणि तिस्कच्या मेस्त्रीने सही करून दिलेली चिठ्ठी. चिरलेला होज पिशवीत बांधून केबिनमध्ये सीटखाली ठेवलाय. सोमवारी खेप घेतलेली नाही, पर्वरीला आयोगात जायचं आहे.